गळतीखालचा परतगणक

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चंद्रपूरच्या तुकूम भागातल्या एका घरात, नीळकंठ येरगुडे यांच्या खोलीचं दार उघडलं गेलं तेव्हा ते पलंगावर मृतावस्थेत होते. वय अठ्ठ्याहत्तर. बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान होतं. खोलीतला कूलर बंद होता. उशाशी ठेवलेला परतगणक, म्हणजे सरकारनं घरोघरी वाटलेला छोटा संगणक, इतका तापला होता की त्याला हात लावता येत नव्हता.

दार उघडणारी बाई, सुगंधा मडावी, दोन वर्षं त्यांची देखभाल करत होती. येरगुडे खाणीत सर्वेक्षक होते. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली तेव्हापासून ती त्यांच्याकडेच राहायला आली होती. दार उघडलं त्या वेळी तिच्या हातात स्टीलचा डबा होता, आणि डब्यात बर्फाच्या गोळ्याचं लाल पाणी. तिची आरोळी ऐकून शेजारी जमले. सहा वाजता पोलिसांनी तिला ताब्यात घेतलं. अर्धांग लुळं पडलेल्या माणसाच्या खोलीतला कूलर बंद करून, दार ओढून ती दोन तास बाहेर गेली आणि उन्हाच्या तडाख्यानं तो माणूस मेला, असा प्राथमिक आरोप होता.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण निरीक्षक संघपाल खोब्रागडे यांना परतगणकाची गोष्ट खटकली. त्यांच्या स्वतःच्या घरी तो तीन वर्षं होता आणि तो कधी कोमटसुद्धा झाला नव्हता. त्यांनी परतगणक बनवणाऱ्या शीतगणन केंद्राला फोन केला. केंद्राच्या उष्मा विभागाच्या प्रमुख डॉ. वैजयंती धोटे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत पोहोचल्या. शवविच्छेदन करणारे डॉ. रियाज काझी तिथे आधीच आले होते.

औष्णिक वीज केंद्रांचे संच एकेक करून बंद झाल्यावर शहरात घरटी दीड किलोवॅटची मर्यादा आली, आणि जुने संगणक परवडेनासे झाले. त्यांच्या जागी सरकारनं परतगणक वाटले. तळहाताएवढ्या सौरपट्टीवर तो दिवसभर चालतो. त्याला पंखा नाही, आवाज नाही. चंद्रपूरकरांनी त्याला लवकरच आपलंसं केलं. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार वस्तू म्हणून लोक तो उशाशी ठेवू लागले. मग कोणीतरी त्यावर ओलं फडकं टाकलं. मग कोणीतरी, वैशाखात महादेवाच्या पिंडीवर बांधतात तशी, छोट्या भोकाच्या मडक्याची गळती वर टांगली. थेंब थेंब पाणी पडतं, फडकं ओलं राहतं, खोलीत थोडा गारवा येतो. दोन उन्हाळ्यांत निम्म्या शहरात गळत्या लागल्या.

येरगुड्यांच्या पलंगाशीही गळती होती. मडकं रिकामं होतं.

"किती पाणी मावतं यात?" वैजयंतींनी विचारलं.

"चार लिटर," खोब्रागडे म्हणाले. "बाई म्हणते, दुपारी जाताना काठोकाठ भरलं होतं. जमीन बघा मॅडम, कोरडी ठाक. एवढं पाणी गेलं कुठं?"

"हवेत," डॉ. काझी म्हणाले. "म्हणूनच गेले ते. सत्तेचाळीस अंशांत माणूस घामावर जगतो. हवा कोरडी असेल तर घाम वाळतो आणि अंग थंड राहतं. इथं हवा इतकी दमट झाली की घाम वाळायलाच तयार नाही. धडधाकट माणूससुद्धा अशा खोलीत फार टिकत नाही. दाराच्या काचेला आतून पाणी सुटलं होतं, असं ती बाई म्हणते. खरं असणार."

"म्हणजे खोलीत भट्टी पेटली होती," खोब्रागडे म्हणाले. "आणि भट्टी म्हणजे हा डबा. मॅडम, तुमच्या जाहिरातीत तर लिहिलंय, हा कधी तापतच नाही."

"गणित करताना तापत नाही. पुसताना तापतो."

"हे माझ्या डोक्यात शिरेल असं सांगा."

वैजयंती पलंगाजवळच्या खुर्चीवर बसल्या. "जुना संगणक दर क्षणाला काहीतरी विसरतो. दोन आकड्यांची बेरीज केली की उत्तर ठेवतो आणि मूळ आकडे फेकून देतो. निसर्गात माहिती अशी फुकट फेकता येत नाही. ती उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून जुने संगणक तापायचे. आम्ही असा गणक केला की जो काहीच फेकत नाही. प्रत्येक पायरी जपून ठेवतो, आणि जागा हवी असली की त्याच पायऱ्यांनी उलटा मागे जातो. विणलेला स्वेटर उसवला की लोकर जशीच्या तशी परत मिळते. याला आम्ही परतफेरा म्हणतो. त्यात उष्णता नाही."

"आणि पुसणी?"

"स्वेटर जाळणं."

"पण जाळायचा कशाला, उसवता येत असताना?"

"सगळं उसवता येत नाही. गणकानं स्वतः जे विणलं तेवढंच उसवतं. हा कॅमेरा बघा." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "कॅमेऱ्यातून आलं ते बाहेरच्या जगातून आलं. ते परत कोणाला देणार? भिंतीला? उन्हाला? ते ठेवा, नाहीतर जाळा. तिसरा मार्ग नाही. यात दोन वर्षांची खिडकी होती ना?"

खिडकी म्हणजे दोन घरांमधलं कायम उघडं ठेवलेलं चित्र. विजेचा खर्च नाही म्हटल्यावर बाहेरगावच्या मुलांनी आईबापांच्या खोल्यांशी अशा खिडक्या जोडल्या होत्या. नीळकंठरावांची खिडकी पुण्यात, मुलगा प्रणव याच्या घरी उघडत होती.

"होती," खोब्रागडे म्हणाले. "आता कोरी आहे. बाईनं काहीतरी लपवायला पुसलं, असा माझा अंदाज आहे. म्हाताऱ्याला मारलं-झोडलं असेल, उपाशी ठेवलं असेल. कॅमेऱ्यात दिसलं असतं."

"कूलरचं आधी बघू," वैजयंती म्हणाल्या. "मीटरची नोंद काढली?"

नोंद मोबाइलवर होती. दुपारी दोनच्या सुमाराला घराचा वीजभार एकदम मर्यादेपर्यंत चढला होता आणि जवळजवळ दोन तास तिथेच राहिला होता.

"पुसणीला सौरपट्टी पुरत नाही, घरची वीज लागते, आणि पुष्कळ लागते. परतगणक अत्यावश्यक वाहिनीवर असतो, कूलर साध्या. भार मर्यादेला टेकला की घरातली पेटी साधी वाहिनी आपोआप तोडते. कूलर कोणी बंद केलेला नाही, निरीक्षक. तो या गणकानं बंद पाडला."

खोब्रागड्यांनी मोबाइल खिशात टाकला. "तुमच्या यंत्राला अक्कल नाही का, माणूस शेजारी झोपलाय म्हणून? तापला की थांबायला पाहिजे."

"थांबतो. अंग सत्तर अंशांवर गेलं की आतला संवेदक पुसणी तोडतो." वैजयंतींनी रिकाम्या मडक्याकडे बघितलं. "ओल्या फडक्यानं त्याला सत्तरपर्यंत जाऊच दिलं नाही. संवेदकाला वाटलं सगळं ठीक आहे. गळतीचा विचार आम्ही केला नव्हता. माहितीपत्रकात लिहिलंय की पुसणी अंगणात करा, माणसांपासून दूर. माझ्या आईच्या उशाशीसुद्धा गळती आहे. काल रात्री, तुमचा फोन आल्यावर, तिला काढ म्हटलं तर म्हणते, 'आमचा तर गारच असतो गं.'"

"हातानं थांबवता येतं?"

"येतं. ही बाजूची लाल कळ. दाबली की पुसणी तिथल्या तिथे थांबते."

कळ गणकाच्या उजव्या अंगाला होती. पलंगावरून उजवा हात सहज पोहोचेल एवढ्या अंतरावर. ती दाबलेली नव्हती.

डॉ. काझींनी स्वतःचा उजवा तळवा पुढे केला. "त्यांच्या उजव्या तळव्याला भाजलंय. गणकाच्या अंगावरच्या या पन्हळींचा ठसा आहे, समांतर रेघा. डावी बाजू गेली होती, पण उजव्या हाताची संवेदना शाबूत होती. साठ अंशांच्या धातूला हात लागला तर माणूस क्षणात मागे घेतो. हा ठसा हात काही मिनिटं तसाच टेकून राहिल्याचा आहे."

"शुद्ध हरपल्यावर हात पडला असेल," खोब्रागडे म्हणाले.

"असेल. नसेलही. शरीरावरून मी तेवढं सांगू शकत नाही."

सुगंधा ठाण्याच्या मागच्या खोलीत, बाकाच्या अगदी कडेला बसली होती. वैजयंती समोर बसल्या तेव्हा ती उठून उभी राहिली.

"बसा. मी पोलीस नाही. कूलर तुम्ही बंद केला नाही, हे मला समजलंय."

"तेच तं मी कालपासून सांगून राहिली जी. कोनी आयकतच नाही." ती बसली. "मी काऊन बंद करीन कूलर? बाबाले घामोळं आलं तं रातभर मीच वारा घालत होती."

"मग भर दुपारी बाहेर का गेलात?"

"बाबानंच धाडलं. म्हने, सुगंधे, बर्फाचा गोळा खावासा वाटते. लाल वाला. दोन वर्सांत एक गोष्ट नाही मांगितली त्याइनं तोंडानं. मी म्हनलं, बाबा, आता कुठी भेटते गोळा, ऊन केवढं हाय! तं म्हने, जटपुरा गेटजवळ भेटते. जा. धावत येऊ नको, ऊन लागन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मडकं भरून जा म्हने. तेबी त्याइनंच सांगितलं. काठोकाठ भर."

दारात उभे असलेले खोब्रागडे पुढे आले. "हे काल नाही सांगितलं तू."

"तुमी इचारलं कुठी? तुमी एकच धरून बसले, कूलर काऊन बंद केला, कूलर काऊन बंद केला."

"गणकाला पुस म्हणून कोणी सांगितलं? तुझा आवाज ओळखतो तो."

"ओळखते. मी त्याले गानी लाव म्हनते, बाबाच्या गोळीची याद दे म्हनते. पुस मी कधी म्हनलं नाही. मले आता समजलं का त्याले पुसता बी येते."

बाहेर आल्यावर खोब्रागडे म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण गोष्टच आहे. तो गणक तिघांचं ऐकतो. म्हातारा, ही, आणि पुण्याहून मुलगा, कारण गणक त्याच्या नावावर आहे. म्हातारा बोलायला उरला नाही. मुलगा पुण्यात होता आणि त्याला काही ठाऊक नाही म्हणतो. उरली ही. उद्या कोर्टात उभी करावी लागेल, मॅडम. सुटली तर आज सुटेल. नाहीतर वर्ष-दोन वर्षं आत. हिच्यामागे धावपळ करायला कोणी नाही."

"मुलाकडे खिडकीची प्रत असेल. तिच्यात दिसेल आदेश कोणी दिला ते."

"विचारलं मी फोनवर. रिकामी केली म्हणाला. येतोय तो."

प्रणव येरगुडे दुपारी तीन वाजता पोहोचला. चाळिशीचा, बँकेत अधिकारी. डोळे सुजलेले होते. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे त्यानं स्वतःचा परतगणक पिशवीतून बरोबर आणला होता. वैजयंतींनी तो टेबलावर घेतला, पडद्याची पाटी उघडली. आत काहीच नव्हतं. खिडकीची दोन वर्षं कोरी होती.

"हे कधी रिकामं केलंत?"

"काल संध्याकाळी. बातमी आल्यावर. मला त्या खोलीकडे बघवेना."

"पुसणी केली की परतफेरा?"

"मला त्यातलं कळत नाही. रिकामं कर म्हटलं, झालं. दहा-पंधरा मिनिटं लागली असतील."

"तापला का?"

"नाही." तो जवळजवळ दुखावल्यासारखा म्हणाला. "गारच होता."

वैजयंतींनी पाटी मिटली.

"प्रणवराव, तुमच्याकडे होती ती वडिलांच्या गणकातल्या चित्राची प्रत. प्रत उसवता येते, पण एका अटीवर. मूळ समोर असायला हवं. टाक्याला टाका जुळवत ती मागे जाते. मूळ नसेल तर तुमच्या गणकाच्या दृष्टीनं ती प्रतही बाहेरच्या जगातून आलेली माहिती. ती जाळावीच लागते. वडिलांकडचं मूळ काल दुपारी चारच्या आत जळून संपलं. संध्याकाळी तुम्ही रिकामं केलं असतं तर हा गणक हात लावता येणार नाही इतका तापला असता आणि तुमच्या घराचे दिवे गेले असते."

प्रणवनं पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"हा गार राहिला, म्हणजे मूळ शाबूत असताना तुम्ही प्रत परत केलीत. दोन वाजायच्या आत. वडील जिवंत असताना."

"पुण्याच्या घरच्या मीटरची नोंद मागवू का?" खोब्रागड्यांनी विचारलं. "की सांगता?"

प्रणव म्हणाला, "बाबांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सकाळी बोलले. म्हणाले, खिडकी परत दे. मी म्हटलं, का हो बाबा? तर म्हणाले, तू बघत नाहीस. मग ठेवायची कशाला."

"तुम्ही बघत नव्हता?"

"उघडी होती. चोवीस तास उघडी होती. मी कामात असायचो. मागे वळलो की दिसायचे. झोपलेले असायचे." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "एकदा ते तीन तास मला हाक मारत होते. सुगंधा बाजारात गेली होती. मी घरातच होतो, आवाज बंद ठेवलेला. ते मी नंतर बघितलं. त्यांना ठाऊक होतं की मी नंतर बघितलं."

"पुसणीचा आदेश?"

"मी दिला नाही. परत दे, पुढचं मी बघतो, म्हणाले. एवढंच."

"मग संध्याकाळचं खोटं कशाला सांगितलं?"

"बापानं मुलाकडून सगळं परत का मागून घेतलं, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?"

खोब्रागड्यांनी शिपायाला कागद आणायला सांगितलं. हे जसंच्या तसं लिहून सही झाली असती तर सुगंधाला त्याच संध्याकाळी सोडता आलं असतं, असं ते नंतर म्हणाले. कागद यायच्या आधी प्रणवचे वकील आले. दोघं अर्धा तास व्हरांड्यात बोलले. आत आल्यावर प्रणवनं जबाब द्यायचं नाकारलं. आधीचं बोलणं मानसिक धक्क्यातलं होतं, असं वकिलांनी सांगितलं. त्यांनी वैजयंतींना एकच प्रश्न विचारला.

"परतफेऱ्याला मूळ बाजूची संमती लागते ना, मॅडम? त्या खोलीतून कोणीतरी 'हो' म्हणावं लागतं?"

"लागतं."

"कोणाचा आवाज चालतो?"

"नीळकंठरावांचा. किंवा सुगंधाचा."

"माझ्या अशिलानं मागितलं आणि त्या बाईनं दिलं, असंही घडलं असेल. तुमच्या शास्त्राला ते अमान्य आहे का?"

वैजयंती म्हणाल्या, "नाही. शास्त्राला दोन्ही मान्य आहे."

"तो 'हो' कुठे नोंदला असेल?"

"वडिलांच्या गणकात."

"म्हणजे नष्ट झाला."

"माहिती नष्ट होत नाही. तो 'हो' त्या खोलीच्या हवेत गेला, भिंतींत गेला, पाण्याच्या वाफेत गेला." नीळकंठरावांच्या शरीरात गेला, हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं नाही. "तो तिथून परत गोळा करता येत नाही, एवढंच."

वकिलांनी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सुगंधा मडावीला न्यायालयात हजर केलं. कूलर बंद केल्याचा आरोप मीटरच्या नोंदीवरून मागे घेण्यात आला. त्या जागी पुरावा नष्ट करून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप ठेवला गेला. मडकं आपणच काठोकाठ भरलं, हे तिनं न्यायाधीशांसमोर पुन्हा सांगितलं. ते सांगू नको, असं तिच्या सरकारी वकिलानं तिला बजावलं होतं. तिला चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी मिळाली. प्रणव येरगुडे अंत्यसंस्कार उरकून पुण्याला गेला. बोलावल्यास हजर राहण्याची हमी त्यानं दिली आहे.

शीतगणन केंद्रानं शहरातल्या सगळ्या गळत्या काढण्याची सूचना जारी केली. पहिल्या आठवड्यात फारच थोड्या निघाल्या. गणक गार आहे तर मडकं काढायचं कशाला, असा प्रश्न मदत क्रमांकावर सर्वांत जास्त विचारला गेला. वैजयंतींनी आईकडची गळती स्वतः जाऊन सोडवली आणि मडकं बरोबर घेऊन आल्या. आईनं संध्याकाळपर्यंत दुसरं टांगलं.

लाल कळीचा तपासणी अहवाल काल आला. कळ निर्दोष आहे. बोटाच्या हलक्या दाबानं ती बसते. तिच्यावर एकच ठसा मिळाला, नीळकंठ येरगुडे यांच्या उजव्या अंगठ्याचा. अंगठा कळीवर टेकलेला होता आणि तळवा शेजारच्या पन्हळींवर, अशी हाताची ठेवण अहवालात दाखवली आहे. पलंगावरून त्या कळीपर्यंत पोहोचलेला माणूस ती दाबायला गेला होता की नुसता तिच्यावर अंगठा ठेवून होता, हे ठशावरून सांगता येत नाही, असं अहवालाच्या शेवटी म्हटलं आहे. जामिनाची सुनावणी सोमवारी आहे.